समंजस

धनंजय काळमेघांनी शटरच्या प्रश्नावर बैठक बोलावली तेव्हा घरात दोनच माणसं होती, ते स्वतः आणि त्यांची बायको वृंदा. तरी जेवणाच्या टेबलावर दोन छापील कागद मांडलेले होते, वर ठळक अक्षरात विषय होता, आणि धनंजय उभं राहून बोलत होते. पाटबंधारे खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. माना डोलावणारी माणसं खात्यातच राहिली. उभं राहून बोलायची सवय तेवढी घरी आली होती.

२०४३ सालचा फेब्रुवारी होता. आदल्या मे महिन्यात अमरावतीत पारा एकोणपन्नासावर जाऊन अकरा दिवस तिथेच बसला होता. त्यानंतर शहरात ज्याला जमेल त्यानं खिडक्यांना बाहेरून शटरं बसवायला सुरुवात केली. कारण साधं आहे. काचेतून ऊन आत येतं, फरशीवर नि भिंतीवर पडून त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून तशी परत जात नाही. आतून पडदा लावला तर उशीर झालेला असतो. पडदाच तापतो आणि खोलीला तापवत बसतो. तेच ऊन काचेच्या बाहेर, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर अडवलं तर खोली सहा-सात अंशांनी थंड राहते. वरच्या नळीत एक लहानशी मोटर असते, ती पट्ट्या गुंडाळते आणि सोडते. इथपर्यंत काळमेघांच्या घरात दुमत नव्हतं. दुमजली घराला खिडक्या आणि दारं मिळून चौदा शटरं लागणार होती, आणि त्या चौदा मोटरींना हुकूम कसा द्यायचा, एवढंच ठरायचं होतं.

धनंजयनी पर्यायांना गुण दिले होते. प्रत्येक खिडकीपाशी भिंतीवर बटण असावं, या पर्यायाला दहापैकी दोन. सगळ्या घराला एक रिमोट, तीन. घड्याळ आणि गॅलरीत बसवलेला उन्हाचा सेन्सर, सहा. साडेनऊ गुण 'समंजस' नावाच्या यंत्राला होते. ते घरातल्या माणसांच्या सवयी शिकून स्वतःच निर्णय घेणार होतं.

"मला माझ्या टेबलाजवळ एक बटण मिळालं तरी पुरे," वृंदा म्हणाली.

धनंजय नाकातून हसले. "बटण! जग कुठं चाललंय, आणि हिला बटण दाबायचंय."

"उत्तरेची खिडकी मला दिवसभर उघडी लागते. कामासाठी."

"तुझं ते दातांचं," धनंजय म्हणाले आणि त्यांनी कागद उलटला. बैठक संपली.

'ते दातांचं' वृंदा एकोणतीस वर्षं करत होती. शहरातले सात-आठ दंतवैद्य तिच्याकडून दातांच्या कॅप करून घेत. दात आता यंत्रंच कापून देत. पण समोरच्या दातांचा शेवटचा थर, हिरडीपाशी किंचित पिवळा आणि टोकाला निळसर, तो अजून चिनीमातीच्या पुडीतून, ब्रशनं, हातानंच चढवावा लागे. त्याला उजेड खरा लागतो. दोन रंग दिव्याखाली अगदी सारखे दिसतात आणि बाहेर उन्हात वेगळे पडतात, कारण दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. जो रंग प्रकाशातच नाही तो दातावरून परत येणार कुठून? उत्तरेच्या आकाशाचा उजेड मात्र स्थिर असतो, त्यात थेट ऊन नसतं आणि सगळे रंग असतात. म्हणून वृंदाचं टेबल वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी होतं. हे सगळं तिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याला समजावून सांगितलं होतं. त्या वेळीही ते पेपर वाचत होते.

मार्चमध्ये कंपनीकडून तेजल मेश्राम आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर, सोबत दोन कामगार.

"मोठं कोणी नाही आलं का?" धनंजयनी दारातच विचारलं.

"मीच आहे, सर," तेजल म्हणाली आणि बूट काढून आत आली.

तिनं दिवसभरात चौदा मोटरी जोडल्या, गॅलरीत उन्हाचा सेन्सर लावला, प्रत्येक खोलीच्या छताला एक छोटा माइक आणि स्पीकर बसवला, आणि संध्याकाळी सोफ्याच्या कडेवर बसून सगळं समजावलं. "हे आवाजावरून माणूस ओळखतं, सर. 'उघड' म्हटलं की उघडतं, 'बंद' म्हटलं की बंद करतं. बाहेर ऊन किती आहे तेही बघतं. पण मुख्य काम शिकण्याचं. मोटर जितकी कमी फिरेल तितकी टिकते. म्हणून शटर शेवटी कुठं थांबलं, हे ते लक्षात ठेवतं. समजा एकानं उघडलं आणि पाच मिनिटांत दुसऱ्यानं बंद केलं, तर मोटर दोनदा फुकट फिरली. असं पुन्हा पुन्हा झालं की त्याला अंदाज येतो, हे शेवटी बंदच होणार आहे. मग ते उघडतच नाही."

"म्हणजे घरात कटकट नाही," धनंजय खूश होऊन म्हणाले.

"हो सर. तीन महिन्यांत हुकूम निम्म्यावर येतात."

"आणि दोघांना वेगवेगळं हवं असेल तर?" वृंदानं विचारलं.

तेजल तिच्याकडे वळली, पण धनंजय आधी बोलले. "अगं, ती इंजिनिअर आहे. तिला तिचं काम करू दे."

जाण्याआधी तेजलनं एक कागद पुढे केला. गॅलरीच्या दाराला बाहेरच्या अंगाला एक बटण ती द्यायचीच. कोणी बाहेर असताना शटर खाली आलं तर ते लागतं. धनंजयना भिंतीला भोकं नको होती. एवढं शहाणं यंत्र घ्यायचं आणि वर बटणं चिकटवायची, हे त्यांना भित्र्यांचं लक्षण वाटत होतं. बटण नको म्हणून त्यांनी सही केली. सही करताना ते तेजलला म्हणाले, "तुमच्या कंपनीचाच यंत्रावर विश्वास नाही बहुतेक."

एप्रिल उजाडला आणि यंत्र शिकू लागलं.

सकाळी नऊला वृंदा टेबलाशी बसे आणि "उत्तर उघड" म्हणे. पट्ट्या खडखडत वर जात. थोड्या वेळात धनंजय चहाचा कप घेऊन दारात येत, ऊन उत्तरेचं का असेना उष्णता आणतंच असं सांगत, आणि "उत्तर बंद" म्हणून निघून जात. ते गेले की ती पुन्हा उघडे. अर्ध्या तासानं ते खालूनच ओरडत, "बंद!" भांडायला तिला वेळ नसे, भट्टीत दात भाजायला ठेवलेले असत. ती दिवा लावून काम उरके. दिवसाच्या शेवटी उत्तरेचं शटर बंद असे.

तिसऱ्या आठवड्यात तिनं "उघड" म्हटलं आणि काहीच हललं नाही. तिला वाटलं मोटर अडकली. दहा सेकंदांनी पट्ट्या उचलल्या गेल्या. मग दहाचे चाळीस सेकंद झाले, चाळिसाची तीन मिनिटं. मेच्या पहिल्या आठवड्यात छतातून एक शांत, सभ्य बायकी आवाज आला, "सध्या योग्य नाही."

स्वयंपाकाला येणाऱ्या बेबीताई भाजी द्यायला वर आल्या होत्या. त्यांनी छताकडे पाहिलं, वृंदाकडे पाहिलं. "काहून नाई योग्य? बाई, माह्यं तं ऐकते हे. सैपाकघरातली खिडकी म्या म्हटल्याबरोबर उघडते."

वृंदा खाली गेली आणि स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाली, "खिडकी उघड." काही झालं नाही. बेबीताईंनी म्हटलं, "उघड वं." खिडकी उघडली.

धनंजयना तिनं हे सांगितलं तेव्हा ते आडवे होऊन भिंतीवरच्या पडद्यावर बातम्या बघत होते. "तू नीट बोलत नसशील," ते म्हणाले. "तोंडातल्या तोंडात बोलायची सवय आहे तुला."

त्याच आठवड्यात डॉक्टर बोंडेंनी दोन दात परत पाठवले. नीरज बोंडे तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांच्या वडिलांच्या काळापासून ती त्या दवाखान्याचं काम करायची. पेशंट कबड्डी खेळणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती, सामन्यात समोरचे दोन दात गेलेले. दवाखान्यात दात सुरेख दिसले. मुलगी मैदानावर गेली, मैत्रिणींनी फोटो काढला, आणि फोटोत दोन दात राखाडी होते, बाकीचे नव्हते. ती हसायचीच थांबली.

"वृंदाताई, तुमचा रंग चुकत नाही कधी," बोंडे फोनवर फार हळुवारपणे म्हणाले. "डोळे दाखवून घेता का एकदा? वय होतं, त्यात काही नाही." आणि मग आणखी हळू, "पुढची दोन कामं मी नागपूरला पाठवतोय. राग मानू नका."

वृंदानं फोन ठेवला आणि ते दोन दात तळहातावर घेऊन ती अंगणात गेली. उन्हात ते खरंच राखाडी होते. इतकं वाईट काम तिच्या हातून शिकतानासुद्धा झालं नव्हतं. डोळ्यांचा दोष नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिव्याखाली बसून तिनं जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. दिवाच खोटं दाखवत होता. तिनं तिथूनच कंपनीला फोन लावला.

तेजल दुसऱ्या दिवशी आली. तिनं टॅब्लेटवर यंत्राची नोंद उघडली आणि तिचा चेहरा जरासा बदलला. "मॅडम, मोटर ठीक आहे," ती म्हणाली. "हे बघा. हे प्रत्येकाचं वजन. घरात कोणाच्या शब्दाप्रमाणे शटर शेवटी राहतं, त्यावरून निघतं हे. एकूण शंभर." पडद्यावर चार आकडे होते. धनंजय, ब्याऐंशी. बेबीताई, अकरा. वृंदा, चार. पाहुणे, तीन.

"पाहुण्यांपेक्षा एकानं जास्त आहे मी," वृंदा म्हणाली.

"बेबीताईंचं कोणी रद्द करत नाही," तेजल ओशाळून म्हणाली. "तुमचं जवळजवळ प्रत्येक वेळी झालंय. एप्रिलमध्ये घरभर मिळून दोनशे सहा वेळा. यंत्राला तुमच्याबद्दल काही नाही, मॅडम. त्यानं फक्त मोजलं."

धनंजय मागं येऊन उभे होते. त्यांनी आकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते वृंदानं अगदी जवळून पाहिलं. ओशाळणं तर नव्हतंच. त्यांना बरं वाटलं होतं. बढतीचं पत्र हातात पडलेल्या माणसासारखे ते आकड्याकडे बघत होते.

"सर, सगळ्यांचं वजन सारखं करून देऊ का? मालक म्हणून तुमची परवानगी लागेल. किंवा मॅडमच्या खिडकीला साधं बटण देते."

"कशाला? यंत्र निष्पक्ष आहे. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं," धनंजय म्हणाले. "आणि हिचं काम आता कमीच होत चाललंय. डॉक्टरांनी नागपूरला द्यायला सुरुवात केली, हो की नाही गं?"

हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांनी स्पीकरवरचा फोन ऐकला होता, आणि ऐकून बातम्यांकडे वळले होते. एकोणतीस वर्षांत वृंदाला नवऱ्याचा राग खूपदा आला होता, कंटाळा त्याहून जास्त. त्या क्षणी मात्र दोन्ही गेलं आणि त्यांच्या जागी एक थंड, स्वच्छ तुच्छता आली. बनियनवर उभ्या असलेल्या, ब्याऐंशी गुणांनी फुशारलेल्या या म्हाताऱ्याला आपण कधी गंभीरपणे घेतलं होतं याचंच तिला नवल वाटलं.

तेजलला फाटकापर्यंत सोडताना तिनं विचारलं, "समजा मी त्यांचे हुकूम रद्द करायला लागले तर?"

"तर ते तुमचं ऐकायला लागेल. चार-पाच आठवडे लागतील." तेजल थांबली. "मॅडम, पण मी हे सुचवलं नाही."

"नाही. तू फक्त मोजून सांगितलंस."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. धनंजय दिवाणखान्यात "पूर्व बंद" म्हणत, आंघोळीला जात, आणि ती स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात "पूर्व उघड" म्हणे. पहिले काही दिवस यंत्र तिचं ऐकत नसे. मग ती जिन्याखालच्या खुंटीवर टांगलेली लोखंडी दांडी काढून शटर हातानं फिरवी. वीज गेली तर असावी म्हणून कंपनी ती देत असे, आणि हातानं फिरवलेलंही यंत्र मोजत असे. खांदे भरून यायचे. पण शेवटी शटर कुठं थांबलं एवढंच त्याला कळत होतं, आणि ते तिच्या मनासारखं थांबत होतं.

धनंजयना पत्ता लागला नाही. घरातलं दुसरं माणूस काय करतं हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. शटरं सुस्त झाली म्हणून त्यांनी कंपनीला चार तक्रारी केल्या. "पोरीबाळींना पाठवतात कामाला, दुसरं काय होणार," असं मित्रांना फोनवर सांगितलं. कंपनीनं कळवलं, यंत्र ठीक आहे. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांनी "दक्षिण बंद" म्हटलं आणि छतातून सभ्य आवाज आला, "सध्या योग्य नाही." वृंदा वरच्या मजल्यावर होती. तिच्या हातातला ब्रश थांबला, आणि ती आवाज न करता खूप वेळ हसली.

उत्तरेची खिडकी आता दिवसभर उघडी असे. तिनं कबड्डीवाल्या मुलीचे दात नव्यानं केले, अंगणात नेऊन पाहिले, आणि आपण होऊन बोंडेंना पाठवले. त्यांचा फोन आला, या वेळी हळुवार नव्हता. ते लाजले होते. दोन कामं नागपूरहून परत आली. तिला थांबता आलं असतं. पण तोपर्यंत तिला त्याची गोडी लागली होती. आधी ती धनंजयचा हुकूम ऐकून, काय म्हणतात ते बघून मग रद्द करायची. पुढं पुढं त्यांचा आवाज आला की पुरे. शब्द कळायच्या आत तिच्या तोंडून उलटं निघून जाई. ते काय म्हणतात हे ऐकण्याच्या लायकीचं तिला वाटेनासं झालं होतं.

पाऊस त्या वर्षी लांबला. बारा जूनला दुपारी अडीचला पारा अठ्ठेचाळीसावर होता. गल्लीतल्या सगळ्या घरांची शटरं खाली होती. दुपारी त्या रस्त्यावर एकही खिडकी उघडी नसे, एकही माणूस नसे. धनंजय सकाळपासून धुमसत होते. यंत्र आपलं ऐकत नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. आपलं न ऐकण्यासारखं यंत्राला काही कारणच असू शकत नव्हतं. त्यांनी निष्कर्ष काढला की गॅलरीतल्या उन्हाच्या सेन्सरवर धूळ बसली आहे. ओला फडका घेऊन ते वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गॅलरीत गेले, दार मागं ओढून घेतलं, आणि सेन्सर पुसला.

सेन्सरवर खरंच धूळ होती. पुसल्याबरोबर त्याला पुरतं ऊन दिसलं, आणि दाराचं शटर त्यांच्या मागं खाली आलं. फोन आत पलंगावर होता.

वृंदा दोन खोल्या पलीकडे बारीक कानशीच्या यंत्रानं टेबलावरचा एक दात गुळगुळीत करत होती. त्याच्या घरघरीतून तिला धनंजयचा आवाज ऐकू आला, पुसट, भिंतीआडून यावा तसा. "उघड" असं काहीसं. तिनं मान वर न करता म्हटलं, "राहू दे बंद." आवाज पुन्हा आला, मोठा. ती पुन्हा म्हणाली, "बंद." मग तिनं यंत्राचा वेग वाढवला.

बऱ्याच वेळानं तिनं दात धुवायला हात थांबवला आणि तिला शटरवर ठोकल्याचा आवाज आला. ठोकणं मंद होतं, आणि मध्येच थांबत होतं. आवाजात आता हुकूम नव्हता. "वृंदा," एवढंच होतं. लग्नानंतर त्यांनी तिला "अगं"शिवाय कशानं हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं.

ती धावली. "गॅलरी उघड!" ती ओरडली, आणि शटर एका शब्दासरशी वर गेलं.

धनंजय उंबरठ्याशी कुशीवर पडले होते. चेहरा लालभडक, अंग कोरडं, डोळे अर्धे उघडे. तळहातांना टरटरून फोड आले होते; तापलेल्या पट्ट्यांवर ते दोन्ही हातांनी मारत राहिले होते. तिनं त्यांना काखेत धरून आत ओढलं, बादलीभर पाणी अंगावर ओतलं, पंखा लावला, ओली चादर टाकली, रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत ती त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली आणि मोठ्यानं त्यांचं नाव घेत राहिली, "अहो"सुद्धा न म्हणता. तुच्छतेचा मागमूसही तिच्यात उरला नव्हता. होती ती फक्त भीती, आणि भीतीच्या तळाशी स्वतःचे दोन शब्द.

दोन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं सावरली, धोका टळला. हातांना पट्ट्या बांधलेले धनंजय उशीला टेकून बसले, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते तक्रारीचं. त्या मेश्राम नावाच्या मुलीनं यंत्र चुकीचं बसवलं, तिला काढा, असं त्यांना बायकोकरवी कंपनीला लिहायचं होतं. वृंदानं लिहायला नकार दिला, म्हणून त्यांनी फोनवर तोंडी सांगितलं.

दुपारी तेजल स्वतः आली. डोळे सुजलेले होते. अहवाल तिलाच द्यायचा होता, आणि तो काय निघतो त्यावर तिची नोकरी होती. टॅब्लेट छातीशी धरून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"काय निघालं?" धनंजयनी विचारलं. "चूक कंपनीचीच ना? बोला. इथं लाजायचं कारण नाही."

तेजलनं वृंदाकडे पाहिलं. तिनं नोंद वाचली होती हे वृंदाला कळलं.

"मी 'बंद' म्हटलं," वृंदा म्हणाली. "तुम्ही बाहेरून ओरडत होता तेव्हा. दोनदा म्हटलं. तुम्ही बाहेर आहात हे मला माहीत नव्हतं, पण मी मान वर करून पाहिलंही नाही. यंत्र तुमचं ऐकत नव्हतं तेही माझ्यामुळे. पाच आठवडे मी तुमचा प्रत्येक हुकूम फिरवत होते. या मुलीचा काही दोष नाही."

धनंजयनी तिचं बोलणं पुरं ऐकून घेतलं, आणि मग नाकातून हसले. "तू?" ते म्हणाले. "काहीतरी बडबडू नकोस. तुझं कोण ऐकतंय त्या घरात? मुलीची दया आली म्हणून अंगावर घेतेस."

मरता मरता वाचलेल्या माणसापुढे वृंदा कबुली देत होती, आणि त्या माणसाला ती एवढं करू शकेल हेच पटत नव्हतं.

"दाखव यांना," ती तेजलला म्हणाली.

तेजलनं टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला. धनंजयनी पट्टी बांधलेल्या बोटानं पडदा सरकवला. दोन वाजून छत्तीस मिनिटं, धनंजय, उघड, नाकारलं. दोन छत्तीस, वृंदा, बंद. दोन एक्केचाळीस, वृंदा, बंद. त्यावरून त्यांची नजर भर्रकन खाली गेली आणि शेवटच्या तक्त्यावर थांबली. वृंदा, ऐंशी. बेबीताई, अकरा. धनंजय, सहा. पाहुणे, तीन.

वृंदा वाट बघत होती. ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तू मला मारायला निघाली होतीस म्हणाले असते, तर तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं असतं. तेवढं ती देणंच लागत होती.

"सहा?" धनंजय म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "ती बाई अकरा आणि मी सहा?"

त्यांनी वर पाहिलं ते तेजलकडे. "हे बदलता येतं ना? परवानगी मालकाची लागते म्हणाला होतात तुम्ही. मालक मी आहे. आत्ता बदला. किती होतं आधी माझं? ब्याऐंशी. ब्याऐंशी करा."

तेजल गोंधळून दोघांकडे बघत राहिली. वृंदानं खुर्चीवरची पर्स घेतली, मांडीवर ठेवली, आणि तिच्या लक्षात आलं की परवाची भीती आता उरलेली नाही. या माणसाचा जीव जाता जाता राहिला होता, त्याचे हात भाजले होते, आणि त्याला लागलं होतं ते हे. गॅलरीच्या दारात तिला ज्याची भीती वाटली, ज्याचं नाव घेऊन ती ओरडली, तो या पलंगावर नव्हताच.

"ब्याऐंशी कशाला, शंभर कर," ती तेजलला म्हणाली. "मी तिथं राहणार नाहीये. बोंडेंच्या दवाखान्यामागची खोली रिकामी आहे, तिथं जाते. आणि गॅलरीला बाहेरच्या बाजूनं बटण लावून दे, यांनी नको म्हटलं तरी."

"अहवालात काय लिहू, मॅडम?" तेजलनं हलक्या आवाजात विचारलं. "तुमचं नाव येईल."

"येऊ दे. वेळेसकट लिही."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली, कारण एक गोष्ट राहिली होती आणि ती सांगितल्याशिवाय तिला जाता येणार नव्हतं.

"तुमच्या हातांना जे झालं ते माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "त्याचं मला वाईट वाटतं. जन्मभर वाटेल."

धनंजयनी मान वर केली नाही. टॅब्लेटवर तेजल त्यांच्या नावापुढचा आकडा बदलत होती, आणि ते तिकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले. "हे शंभर लागू कधीपासून होतं?"

"आजपासून," वृंदा म्हणाली आणि बाहेर पडली.